पेवात सोडलेली बॅटरी

बॅटरीला नावं ठिवू नका बे, तिच्यामुळंच मी आज तुमच्यासंगं चहा पितोय.

निजामाच्या राज्यातली गोष्ट हाय. घाटनांदूरला सासुरवाडीला गेलतो. पहाटं अंगणात निघालो आन् जमिनीखाली ज्वारी साठवायच्या रिकाम्या पेवात धाडकन पडलो. धुळीनं गळा बसला. हाक मारायला गेलो तर निसती घरघर! वर सासूबाईंनी बोंब ठोकली, "पेवात दरोडेखोर शिरलाय!"

अमीनसाहेब, म्हंजे फौजदार, गावातच मुक्कामाला होते. नवी बॅटरी आन् रिव्हॉल्व्हर घेऊन आले. सासऱ्यांनी शिडी आणून ठिवली. मला खाली सगळं ऐकू येतंय.

"पाटील, एक हात में बत्ती, एक में रिव्हॉल्व्हर. सीडी कायसे पकडूं?"

सासरे म्हणाले, "बत्ती पागोट्याला बांधा."

"क्या बोलरे पाटील? उनो सीधी सर में गोली मारा तो?"

"मग बत्ती दोरीनं खाली सोडा. उजेडात दिसला की वरूनच उडवा."

माझा सासरा बरं का हा!

बॅटरी हळूहळू खाली आली. पळायला जागा न्हाई, बोलायला आवाज न्हाई. मी झडप घालून ती धरली आन् उजेड सोताच्याच तोंडावर पाडला.

मग सासूबाई किंचाळल्या, "आवो थांबा! जावईबापू हायेत!"

अमीनसाहेबांनी रिव्हॉल्व्हर कमरेला खोचलं. तवा कुठं माझ्यासाठी शिडी धरायला साहेबाचे दोन्ही हात मोकळे झाले.