डाव्या मागच्या चाकाची पिवळी रेषा

मी, वय ५४ वर्षे, धंदा टायर बसवणे व चाकांचा तोल काढणे, राहणार जुन्या वजनकाट्यासमोर माझ्याच दुकानाच्या वरच्या मजल्यावर, आज शुक्रवारी सकाळी साडेदहा वाजता आपण होऊन ठाण्यात आलो आणि विचारल्यावरून सांगतो की, मला या भागात सगळे टायरदादा म्हणून ओळखतात. एकतीस वर्षं मी हाच धंदा करतो. माझी धाकटी बहीण आणि तिचा नवरा, म्हणजे माझे मेहुणे, टेकडीच्या पायथ्याशी गाड्यांचं यार्ड चालवतात. आलेल्या पाहुण्यांना उघड्या गाडीत बसवून दगडांच्या वाटेने टेकडीवर फिरवून आणायचं, असं त्यांचं काम आहे. काल गुरुवारी दुपारी त्यातली एक गाडी आडव्या उतारावर उलटली. बहीण एकटीच गाडीत होती. तिचं खुब्याचं हाड मोडलं आहे. ती शुद्धीवर आहे, पण पुन्हा नीट चालेल की नाही, हे डॉक्टर अजून सांगत नाहीत.

गाडीचं डावं मागचं चाक निखळलं होतं. ते कोणी उघडलं याचा शोध व्हावा, एवढ्यासाठी मी हा जबाब देत आहे.

सदर गाडी दोन माणसं शेजारी शेजारी बसतील अशी, वर लोखंडी पिंजरा असलेली आहे. मेहुण्यांनी हौसेने तिला उंच आणि अरुंद टायर लावले होते. उंच टायरमुळे गाडीचं पोट दगडाला घासत नाही हे खरं, पण वजन सगळं वर जातं आणि उतारावर आडवी घातली की गाडी एका अंगाला झुकते. गेल्या महिन्यात ती दोनदा दोन चाकांवर आली. दुसऱ्या वेळी शेजारी पाहुणी बसली होती. तेव्हा बहीण माझ्याकडे आली आणि म्हणाली, "दादा, मला पळणारी गाडी नको, न पडणारी दे."

मी तिला दोन इंच बुटके आणि चांगले रुंद टायर सुचवले. बाजू जाड असलेले घेतले, कारण पातळ बाजूचा टायर उतारावर स्वतःच दुमडतो. रिम अशी निवडली की प्रत्येक चाक दीड इंच बाहेर येऊन बसेल. माणूस धक्काबुक्कीत पाय फाकवून उभा राहतो, त्यातलाच प्रकार. मेहुण्यांना ते पटलं नाही. ते म्हणाले, "गाडी बसलेल्या म्हशीसारखी दिसेल हो. लोकांना फोटोत उंच गाडी लागते." मी म्हणालो, "फोटो उलटलेल्या गाडीचाही निघतो." त्यावर बहीण हसली, मेहुणे हसले नाहीत.

मंगळवारी दुपारी दोन ते पाच या वेळात मी स्वतः माझ्या दुकानात चारही चाकं बसवली. प्रत्येक चाकाला चार नट आहेत. माझ्या कामाची पद्धत अशी की, नट टॉर्क रेंचने, म्हणजे किती जोर लागला ते दाखवणाऱ्या पान्याने, आवळायचा आणि मगच नटावरून रिमपर्यंत पिवळ्या रंगाची एक सरळ रेषा ओढायची. नट केसभर फिरला तरी रेषा तुटते. आवळल्याशिवाय मी रेषा ओढत नाही आणि रेषा ओढल्याशिवाय गाडी सोडत नाही. या गोष्टीवरून गिऱ्हाइकं माझी थट्टा करतात, पण रेषा अखंड असलेलं माझं चाक आजवर निघालेलं नाही.

याशिवाय मी आणखी एक खूण केली होती, ती कोणाला सांगितली नव्हती. प्रत्येक रिमच्या आतल्या अंगाला पंचने तीन ठिपके उठवले. चाक उतरवल्याशिवाय ते दिसत नाहीत. असं का केलं, या प्रश्नावर सांगतो की, दोन वर्षांपूर्वी मी बहिणीला ट्रॉलीसाठी दोन उत्तम टायर दिले होते. महिन्याभरात ते मला भलत्याच माणसाच्या ट्रॉलीला दिसले. मेहुणे म्हणाले, "मित्राला नड होती, दिले." दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. मेहुणे वाईट आहेत असं माझं म्हणणं नाही. त्यांचा हात सैल आहे आणि माझी बहीण त्यांना कधी काही विचारत नाही, एवढंच मला खुपतं.

बुधवारी संध्याकाळी दुकानात आलेला एक ट्रकवाला सहज बोलून गेला की, तसल्याच रिमा त्याने टेकडीपलीकडे दुसऱ्याच एका गाडीला पाहिल्या. माझ्या डोक्यात किडा वळवळायला लागला. म्हणजे माझी चाकं काढून तिकडे दिली आणि बहिणीच्या गाडीला तशीच दिसणारी जुनी ठोकली की काय, असं मला वाटलं. संशयाला औषध नाही म्हणतात ते खोटं नाही.

काल दुपारी साडेबाराला मेहुण्यांचा फोन आला. मी पोचलो तोवर बहिणीला दवाखान्यात नेलं होतं. गाडी आडवी पडली होती आणि चाक वीस पावलं खाली झुडपात होतं. पोलिसांनी वाटेवरून तीन नट गोळा केले ते मला आज टेबलावर दाखवले. प्रत्येकावर अर्धी पिवळी रेषा आहे. चौथा नट तुटलेल्या बोल्टसकट रिमच्या भोकातच अडकून राहिला होता. त्याच्यावरची रेषा आणि रिमवरची रेषा एका ओळीत नाही. याचा अर्थ, मी सोडल्यानंतर ते चाक कोणीतरी उघडलं आणि पुन्हा लावताना पुरतं आवळलं नाही. बाकी तिन्ही चाकांच्या रेषा अखंड आहेत.

यार्डात चाकांचं काम करणारा माणूस एकच, तिथले मिस्त्री. वय साठीच्या पुढे, माणूस कमी बोलणारा. मेहुण्यांच्या शब्दाबाहेर ते जात नाहीत. चाक कोणाच्या सांगण्यावरून उघडलं, हे त्यांना विचारावं. काल सकाळी मीही यार्डाकडे जाऊन आलो होतो, पण तेव्हा मिस्त्री जेवायला गेले होते, त्यामुळे आमचं बोलणं झालं नाही.

येथवरचा मजकूर हवालदारांनी मला वाचून दाखवला. त्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. मी सहीसाठी पेन हातात घेतलं होतं. तेवढ्यात मेहुणे दाराशी येऊन उभे राहिले. रात्रभर दवाखान्यात बसून त्यांचे डोळे सुजले होते. ते मला म्हणाले, "तिने निरोप दिलाय. दादाला सांगा, चाकाचा काही दोष नाही. वळणाचा अंदाज माझाच चुकला. तो उगाच मनाला लावून घेईल."

बाहेर बाकावर मिस्त्री बसले होते. त्यांना काल चार वाजल्यापासून थांबवून ठेवलं आहे असं कळलं. दार उघडं होतं, त्यामुळे त्यांनी मला पाहिलं. ते म्हणाले, "टायरदादा, तुम्हीच सांगा ना यांना. तुमची रेषा असली की मी त्या चाकाला बोटसुद्धा लावत नाही."

मी पेन खाली ठेवलं. हवालदारांनी विचारलं, "काल सकाळी यार्डात तुम्ही कशाला गेला होता?" त्यावरून पुढील मजकूर सांगतो.

काल सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी मी यार्डात पोचलो. आवारात कोणी नव्हतं. गाडी भिंतीला लागून उभी होती. भिंतीकडचं चाक बाहेरून दिसत नाही, म्हणून मी तेच निवडलं. ते डावं मागचं चाक होतं. रेषा बाहेरून अखंड दिसत होती, पण रंगाची रेषा कोणीही ओढू शकतो, असं माझ्या मनात आलं. गाडीतलाच जॅक लावला, गाडीतल्याच आखूड पान्याने चारही नट काढले आणि चाक उतरवून आत पाहिलं. तीन ठिपके जागच्या जागी होते. चाक माझंच होतं. मेहुण्यांनी काहीही बदललेलं नव्हतं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, ते माझ्याच मनात होतं. मला माझीच लाज वाटली.

टॉर्क रेंच आणि रंगाची डबी दोन्ही दुकानात होती. आखूड पान्याने नट जेमतेम बसले, आवळले गेले नाहीत, हे मला तिथेच कळत होतं. एकतीस वर्षांच्या हाताला ते कळतं. गाडी तीन वाजता निघायची होती. तासाभरात रेंच घेऊन परत यायचं, गुपचूप आवळायचं, नवी रेषा ओढायची आणि कोणाला पत्ता लागू द्यायचा नाही, असं मी ठरवलं. जॅक काढला तोच बहीण हेल्मेट घेऊन आली. पाहुणे येण्याआधी नवी चाकं उतारावर एकदा बघून घ्यावीत असं तिच्या मनात आलं होतं.

मी चाकापाशी वाकलेला तिला दिसलो. ती म्हणाली, "अरे दादा! तू कधी आलास? आणि असा चोरासारखा का बसलायस?" मी म्हणालो, "हवा बघत होतो." ती म्हणाली, "केवढी रे तुला काळजी! सगळं ठीक ना?"

थांब, नट आवळायचे राहिलेत, असं मला म्हणता आलं असतं. मग ती विचारणार, उघडलंस कशाला? आणि मग मला सांगावं लागणार की तुझा नवरा तुला फसवतोय असं मला वाटलं. तिच्या चेहऱ्यावर काय येईल ते मला बघायचं नव्हतं. हळू जाईल, लगेच परत येईल, तेवढ्यात काय होतंय, असं मी मनाशी म्हटलं. मी तिला "हो" म्हणालो. ती बसली, पट्टा लावला आणि मला हात करून गेली. अकरा वाजून पन्नास मिनिटं झाली होती. मी रेंच आणायला दुकानात गेलो. तो घेऊन निघतच होतो तेव्हा फोन वाजला. तो रेंच अजून माझ्या स्कूटरच्या डिकीत आहे, हवा तर जप्त करावा.

चाक मी उघडलं, मीच सैल ठेवलं आणि ठीक आहे असं मीच सांगितलं. मिस्त्रींचा यात काडीचा संबंध नाही, त्यांना आत्ताच्या आत्ता घरी सोडावं. मेहुण्यांबद्दल वर जे म्हटलं आहे ते खोडू नये. मी त्यांच्याबद्दल काय काय मनात धरून होतो, ते त्यांनाही कळू दे. हे सांगताना ते दाराशीच उभे होते. त्यांनी बाकावरून मिस्त्रींचा डबा उचलला, मिस्त्रींना हाताला धरून उठवलं आणि बाहेर नेलं.

हा जबाब पुन्हा पहिल्यापासून वाचून घेतला. माझ्या सांगण्याप्रमाणे आहे, बरोबर आहे आणि आता पुरा आहे. बहिणीचा जबाब उद्या दवाखान्यात जाऊन घेणार आहेत असं समजलं. काल तिने मला त्या चाकापाशी पाहिलं होतं, आणि तरीही आजचा निरोप तिनेच पाठवला आहे. तिला काहीही विचारण्याआधी हा कागद वाचून दाखवावा, म्हणजे तिला माझ्यासाठी खोटं बोलावं लागणार नाही.