दुसऱ्याच्या मापाचं

रक्ततपासणीच्या खिडकीशी माझ्यापुढे एक शिंपीणबाई उभ्या होत्या. गळ्यात मापाची टेप तशीच होती. खिडकीतल्या मुलाने त्यांच्यापुढे कागद सरकवला.

"मावशी, तुमचा जनुकांचा रिपोर्ट आलाय. मधुमेहाचा धोका कमी. निवांत घरी जा."

"आईला साखर, दोन्ही मामांना साखर, धाकट्या भावाचा तर पायाचा अंगठा कापावा लागला. आणि मला म्हणे कमी!"

"मशीन सांगतंय, मावशी."

"मशीनला कुणी सांगितलं?"

"हजारो लोकांचं रक्त तपासून गणित बसवलंय."

"त्यात आमच्यासारखे किती होते?"

"ते... इथे खाली बारीक अक्षरात दिलंय. बहुतेक सगळे दुसऱ्या खंडातले."

"म्हणजे मापं त्यांची आणि अंगात घालायचं मी?"

"अहो, रिपोर्ट चांगला आलाय, तर वाद कशाला घालता?"

"तीस वर्षं कपडे बेततेय मी. दुसऱ्याच्या मापावर बेतलं की कपडा वाया जातो. हे माझ्या जिवावर बेतेल."

"मागे रांग आहे, मावशी."

"असू दे. रक्तातली साखर तपासायची म्हणून सकाळपासून पोटात अन्नाचा कण नाही. ही बघा, बाही वर केली. आता माझं माप घ्या."