मान विसरायची नाही

—नाही हो मॅडम, टेस्टर घरी न्यायचा नसतो, तो इथेच हातावर लावून बघायचा — ठेवा, तिथेच ठेवा, मला दिसेल असा. राग मानू नका, मागच्या उन्हाळ्यात याच काउंटरवरून एक गायब झालाय, तेव्हापासून मी कुणावर म्हणून विश्वास ठेवत नाही. बरं, काय म्हणालात? आठ दिवस समुद्रावर होतात? मग ब्राँझर कशाला हवाय? उन्हात फिरून आलेल्या बाईला डबीतलं ऊन कशाला लागतं? — नाही, मला काय करायचंय म्हणा, मी आपलं विचारलं. इकडे या, उजेडात. हं. नाक सोललेलं नाही, कपाळ रापलेलं नाही. छत्रीखाली बसला असाल, असेल बाबा.

हे बघा, ब्रश असा टेकवायचा, झटकायचा, आणि ऊन जिथे आधी लागतं तिथेच फिरवायचा — कपाळाची कड, गालाचं हाड, नाकावर जरासा. सगळीकडे थापलंत की तोंड मळकट दिसतं. मग हा पातळ हायलायटर, दोनच थेंब, बोटाने टिपत टिपत — चोळायचा नाही! अहो, हात काढा की बाहीतून. एवढ्या उकाड्यात बोटांपर्यंत बाही ओढून कोण फिरतं? — मी काही म्हटलं नाही हं. पण माझी नजर अशीतशी नाही. सख्ख्या बहिणीला पकडलंय मी.

हो, धाकटीला. टेस्टर गेला त्याच आठवड्यात बया आईकडे जेवायला आली ती नुसती झळकत! फिरायला गेले होते म्हणे. म्हटलं, मला शिकवतेस? ही झळाळी माझ्या काउंटरवरची आहे. तोंड सोनेरी आणि मान पांढरीफटक — तिथेच सापडली. सगळ्यांदेखत ओल्या रुमालाने तिचा गाल पुसला मी. आणि खाली... खाली चेहरा नुसता राखेसारखा. माझा हात धरून हळूच म्हणाली, ‘आईला सांगू नकोस गं.’ मला वाटलं, चोरीचंच म्हणतेय. मग काय, सांगितलंच मी, वाढलेल्या ताटावर, चोर म्हटलं मी तिला. ती उठून गेली. टेस्टर? सापडला ना. खणाच्या मागे पडला होता. तिने आपली डबी आपणच विकत घेतली होती, दुसऱ्या दुकानातून — मला कळू नये म्हणून. पण तो सापडला तोवर ती गेली होती. दवाखान्यातच. आम्हाला कुणाला काही सांगितलंच नाही तिने, आणि सांगायला आली होती की नाही, ते आता कुणाला विचारू?

काय सांगत बसले मी तरी! तुम्ही आधी बाही वर करा. करा म्हणते ना, काय आहे आत ते बघू दे —

ही पट्टी... सलाइनची आहे ना?

घ्या. खाली घ्या बाही. कुणी बघत नाहीये.

हनुवटी वर करा. आणखी जरा. मान, मॅडम, मान विसरायची नाही — कानामागून थेट गळ्यापर्यंत, हलक्या हाताने. म्हणजे कुणाला कळणार नाही. मुलांना नाही, शेजाऱ्यापाजाऱ्यांना नाही. फक्त घरी एखादी बहीण असेल ना, तर तिच्यासमोर हे सगळं पुसून जा. ती भलतंच काहीतरी समजून बसेल.

झालं. आरसा तिकडे आहे. जा आता, मागे गिऱ्हाईक खोळंबलंय.