नायिका पळून गेली

मयुरी : आजी, पायरी सांभाळून. आधी इथं धानाचं गोदाम होतं, म्हणून उंबरा उंच आहे. या, आत सावली आहे.

शकुबाई : हे सारं तूच मांडलं का वं?

मयुरी : मीच. नागपूरला शिकत होते तेव्हापासून गोळा करतेय. आबाजींच्या नाटक मंडळाचं सामान माळ्यावर सडत होतं. हे पडदे, ही गॅसबत्ती, हा राजाचा मुकुट. झाडीपट्टीच्या नाटकांचं संग्रहालय आमच्या नागभीडला नाही तर कुठं असणार?

शकुबाई : पुठ्ठ्याचा हाये मुकुट, वरून पन्नी. राजा घामेजला का सोनेरी रंग गालावर उतरे.

मयुरी : असं सांगणारं माणूसच मला हवं होतं! आणि हा फोटो बघा. ओळखलंत?

शकुबाई : वयखलं.

मयुरी : तुम्ही सिंदेवाहीला आहात हे कळलं, पण मी आबाजींना मुद्दाम सांगितलं नाही. म्हटलं, आज उद्घाटनालाच चकित करू. मंडळाची पहिली नायिका!

शकुबाई : खाली काय लिवलं हाये? चष्म्याबिगर दिसत नाई मले.

मयुरी : "कुमारी शकुंतला. मंडळाच्या आरंभीच्या नायिका. ऐन हंगामात मंडळ सोडून गेल्या." आबाजींनी सांगितलं तसं लिहिलं.

शकुबाई : सोडून गेल्या! लयच सोज्वळ लिवलं. तवा तं पळून गेली म्हनले होते.

मयुरी : कोण म्हणालं होतं?

शकुबाई : येऊ दे त्याईले.

वामनराव : मयुरी! अगं, मंडप भरला बाहेर! वडश्याचे कलावंत आले, पाहुणे मंचावर बसले, आणि तू इथं... ह्या कोण बाई?

शकुबाई : रामराम, मालक.

वामनराव : शकू?

मयुरी : झाले ना चकित? आबाजी, असे काय बघताय?

वामनराव : वा! वा! रंगदेवतेनं काय भेट घडवली! मयुरी, शाल आण, श्रीफळ आण. आज मंचावर शकुबाईंचा सत्कार होईल, आणि तो माझ्या हस्ते होईल!

शकुबाई : शाल नाई पायजे. माइक पायजे.

वामनराव : मग बोला की. दोन शब्द अवश्य बोला.

शकुबाई : मी नाई. तुमी बोलाचं. त्या राती मंडईत बोलले होते ना, तसं.

मयुरी : कोणत्या रात्री?

वामनराव : जुन्या गोष्टी आहेत, बेटा. तू बाहेर जा, पाहुणे बघ.

मयुरी : मी इथंच थांबते.

शकुबाई : थांब, तूही आयक. दिवाळीनंतरची मंडई होती, दिवसा जत्रा अन् रातभर नाटक. ज्या पाटलानं गावात नाटक आनलं, तो दुसरा अंक संपला तसा आमी रंग लावतो तिथी मंधात घुसला. तुह्या आबाजीले म्हने, नाटक झालं का नायिकेले माह्या घरी चायले पाठव. अन् हे मले म्हनले, जाय. त्याले नाराज करू नोको, चार गावच्या मंडया त्याच्या हातात हायेत.

मयुरी : आबाजी?

वामनराव : चहाच म्हटलं होतं त्यानं.

शकुबाई : चहाच होता तं तुमी काऊन नाई गेले प्याले?

मयुरी : मग, आजी?

शकुबाई : मग काय. तोंडाचा रंग पुसला अन् मागच्या कनातीतून निंगाली. टेसन दूर, वाटंत सारं जंगल. आमचा ढोलकीवाला बिरजू, तो टार्च घेऊन संग आला. मले गाडीत बसवलं अन् आल्या पावली वापस फिरला. सख्ख्या भावानं केलं नसतं तसं केलं त्यानं. अन् इकडं ह्याईनं माइकवर सांगतलं, नायिका ढोलकीवाल्यासंग पळून गेली.

वामनराव : लोक गोटे मारून राह्यले होते वं! नायिका कुठी, नायिका कुठी! मंडप पेटवला असता त्याईनं. पाटील बाजूले उभा. काय सांगाचं होतं मी? त्याचं नाव घ्याचं होतं?

शकुबाई : कोनाचंच नाव नव्हतं घ्याचं. तिले ताप चढला म्हनले असते, तरी भागलं असतं.

वामनराव : त्या घडीले जे सुचलं ते बोललो.

शकुबाई : त्या घडीले. अन् मंग? दुसऱ्या साली त्याच्यावर नाटक बसवलं, ते बी त्या घडीले सुचलं? ते पाहा, भिंतीवर पोस्टर लावलं हाये तुह्या आबाजीनं. 'मैना गेली उडून'.

मयुरी : ते तर मंडळाचं सगळ्यात गाजलेलं नाटक. ते तुमच्यावर होतं?

शकुबाई : माह्यावर अन् बिरजूवर. बिरजूले त्या रातीच लोकाईनं मारलं. गावात राहू देल्लं नाई. मिरची तोडाले तेलंगणात गेला, तिकडंच मेला. माहं जुळलं लगन तुटलं. मी जनमभर धानाच्या बांधीत, चिखलात रोवणे केले, अन् माह्या बाजूच्या बाया त्याच नाटकातलं गानं म्हनत. कोनावर हाये ते साऱ्याईले म्हाईत होतं.

वामनराव : शकुबाई, झालं ते झालं. आता काय पायजे ते सांगा.

शकुबाई : सांगतलं ना, माइकवर बोला. मी एकटी नाई आली. पयल्या रांगंत सोमारी बसली हाये, बिरजूची बायको. धानोऱ्याकडच्या जंगलात राहते. मी कितीक खेपा तिच्या दारी गेली, पर ते माह्यासंग बोलत नाई. आखरी म्हने, त्या वामनच्या तोंडून आयकन, तवाच खरं मानन.

वामनराव : साऱ्याईसमोर? नाई वं! घरी आन तिले. पाय धरतो मी तिचे.

शकुबाई : घरी बोलले होते का खोटं? माइकवर बोलले, माइकवरच वापस घ्या.

वामनराव : अन् नाई घेतलं तं?

शकुबाई : तं मी बोलतो. माह्यापासी तुमच्यासारखा आवाज नाई, पर पाटलाचं नाव हाये. त्याचा नातू तुमच्या मंचावर हार घालून बसला हाये ना?

वामनराव : सूड घेऊन राह्यली तू.

शकुबाई : हव. नाई तं कायले आली मी, मुकुट पाहाले?

मयुरी : आबाजी, जा.

वामनराव : तू बी?

मयुरी : बाहेर दारावर तुमच्या नावाची पाटी मी लावली आहे. जा आणि बोला.

वामनराव (माइकवर) : रसिकहो! मायबाप झाडीपट्टीकरहो! आज ह्या पवित्र वास्तूच्या दारात एक वृद्ध नट आपला अपराध तुमच्या चरणी वाहतो आहे! जिला मी पळपुटी म्हणालो, ती पळाली नव्हती हो! पळालं होतं ते माझं इमान! पळाला होता तो ह्या वामनाचा धर्म!

मयुरी : टाळ्या वाजवताहेत.

शकुबाई : आयकून राह्यली मी.

मयुरी : शिट्ट्यासुद्धा. त्यांना वाटलं, आबाजी नाटकातला प्रवेश करून दाखवताहेत.

शकुबाई : अन् सोमारी?

मयुरी : उठली. निघाली ती.

शकुबाई : चाल बाहेर, लवकर. ओ मालक! हे नाई चालत! पुन्हा बोला!

वामनराव (माइकवर) : शकुबाई, आत्ताच तर आम्ही सर्वांसमक्ष...

शकुबाई : ते नाटक झालं. घरच्या आवाजात बोला. सोमारी, बाई, दम धर जरासाक. मंग जाय.

वामनराव (माइकवर) : सोमारी. मी वामन. तुह्या घरवाल्यानं काई नाई केलं. शकूले पाटलाच्या घरी जाय म्हनून मीच सांगतलं होतं. ते नाई गेली. बिरजूनं तिले टेसनवर पोचवलं, तेवढंच. पळाली म्हनून मी खोटं बोललो. मंग त्या खोट्याचंच नाटक केलं. अन् लोक हासले. बस. इतकंच हाये.

मयुरी : आता कोणी वाजवत नाही.

शकुबाई : आता कानात गेलं त्याईच्या.

मयुरी : पाटलांचा नातू गाडीकडं निघाला. हार खुर्चीवर ठेवून गेला. त्याच्यामागं बाकीचेही उठले.

शकुबाई : जाऊ दे. मले सोमारीचं सांग, मले उन्हात दिसत नाई.

मयुरी : बसली परत. तोंडाला पदर लावलाय. शेजारच्या बाईनं तिच्या पाठीवर हात ठेवलाय.

शकुबाई : मंग ठीक हाये. चाल, आत बसू.

वामनराव : झालं? पडली थंडक जिवाले?

शकुबाई : नाई. मले वाटलं होतं पडन.

वामनराव : मंग कायले केलं? ह्या वयात मले साऱ्या लोकाईत नागवं करून काय भेटलं तुले?

शकुबाई : साऱ्याईच्या मंधातून उठून घरी कसं जा लागते, ते तुमाले बी म्हाईत पडाले पायजे होतं.

वामनराव : मयुरी, घसा सुकला वं बेटा. पानी दे. मयुरी?

शकुबाई : आयकू नाई गेलं वाटते तिले.

वामनराव : गेलं. पाठ फिरवून उभी हाये.

शकुबाई : बसा. होते सवय.