अक्रोडी डब्यातलं गाणं

मावशी : आणि हे काय? दागिने ठेवायचे का यात?

निर्माता : टेपचा डबा आहे, मावशी. अक्रोडाचं लाकूड, हाताने घासलेलं. प्रत्येक डब्यावर नंबर आहे, एक ते साठ. साठच प्रती निघणार.

मावशी : मी हिची मावशी. तुमची नाही. तुम्ही मॅडम म्हणा, नाहीतर काहीच म्हणू नका. आत काय आहे?

निर्माता : अजून रिकामा आहे. दोन रीळं बसणार. यांचा नवा अल्बम. सहा गाणी.

मावशी : सहा गाणी. खिशातल्या फोनवर एका बोटाने वाजतील, आणि त्यासाठी बाळाला झोपवता येईल एवढी पेटी!

भाची : मावशी, तू फोनवर म्हणाली होतीस, या, बघू.

मावशी : मग बघतेच आहे. बघून हसू येतंय त्याला मी काय करू?

निर्माता : मॅडम, आता कितीतरी नवे अल्बम रीळावर निघतायत. लोक पुन्हा टेपकडे वळलेत. टेपच्या आवाजात एक ऊब असते...

मावशी : ऊब हवी असेल तर स्वेटर घाला. अहो, चौतीस वर्षं मी रेडिओवर टेप कापली. ब्लेडने. दुसरं काही नव्हतं म्हणून वापरायचो. जरा दमट हवा झाली की पट्टी मशीनला चिकटायची. कुणा मोठ्या माणसाचं भाषण चालू असताना तुटायची, आणि मी चिकटपट्टी दातात धरून ती जोडत बसायचे. कॉम्प्युटर आला त्या दिवशी अख्ख्या मजल्याला मी स्वतः चहा पाजलाय.

निर्माता : तरीही ही दोन मशिनं तुम्ही घरी ठेवलीत. चालू ठेवलीत.

मावशी : ऑफिसने भंगारात काढली, मी उचलून आणली. टाकाऊ वस्तू घरी आणायची खोडच आहे मला. हिच्या काकांशी लग्न त्यातूनच झालं.

भाची : काका असते तर तेही हसले असते यावर.

मावशी : हसायचेच. दुसरं काय करणार होते? बरं, काम सांगा. मी काय करायचं?

निर्माता : एका मशीनवर मूळ टेप, दुसऱ्यावर कोरी. गाणं आहे त्याच वेगाने वाजणार आणि उतरणार. घाई नाही, शॉर्टकट नाही. एक प्रत चाळीस मिनिटं.

मावशी : म्हणजे हा अल्बम मी साठ वेळा ऐकायचा. घेणारे तरी एकदा ऐकणार आहेत का?

निर्माता : खरं सांगू का? निम्मे लोक उघडतही नाहीत. शोकेसमध्ये ठेवतात. सील तुटलं की किंमत उतरते ना.

भाची : हे मला नव्हतं सांगितलंत तुम्ही.

निर्माता : अहो, ते कौतुकच आहे एक प्रकारचं. जिवापाड जपतात.

मावशी : माझ्या सासूबाई चांगले कप असेच जपायच्या. त्या गेल्या तोवर त्या कपांना चहा कसा असतो ते माहीतच नव्हतं. चला, आणा ते रीळ. तो कापसाचा बोळा आणि स्पिरिट दे गं इकडे. आधी मशीनचं तोंड पुसते. तुमच्या मूळ टेपला माझ्या घरची धूळ लागायला नको.

निर्माता : थँक यू, मॅडम. पहिलं गाणं लावा, ते सगळ्यात सुरेख झालंय.

मावशी : ते मी ठरवीन. आता गप्प बसायचं. दोघांनीही.

भाची : आवाज थोडा वाढव.

मावशी : गप्प म्हणाले ना... हं... हं. थांब. मागे घेते. इथे. ऐकलंस?

भाची : काय?

मावशी : खालचं सगळं गाणं एका कोरड्या खोलीत गायलंयस. चांगली खोली आहे, भिंती गप्प आहेत. आणि वरचा सूर आला की भिंती बोलायला लागतात. एका सुरापुरती उठून दुसऱ्या खोलीत गेलीस का?

निर्माता : तो इफेक्ट आहे, मॅडम. थोडा एको दिलाय.

मावशी : तुम्ही डबे सांभाळा. पुन्हा लावते, नीट ऐक. वरचा सूर लागला की मागे बारीक काच किणकिणते. ही काच मी ओळखते. आमच्या दोन नंबरच्या स्टुडिओची खिडकी, चौकटीत ढिली झाली होती. तीन अर्ज केले मी, कुणी ढुंकून पाहिलं नाही. तो स्टुडिओ पाडला त्याला सात वर्षं झाली. मग ती काच तुझ्या नव्या अल्बममध्ये कुठून आली?

भाची : मावशी...

मावशी : हा सूर मी रेकॉर्ड केलाय. तू बावीस वर्षांची होतीस, काचेच्या त्या बाजूला तू, या बाजूला मी. खाली बेचाळीस वर्षांची बाई गातेय आणि वर बावीस वर्षांची पोर! मला बहिरी समजलात का?

निर्माता : पण आवाज त्यांचाच आहे ना? दुसऱ्या कुणाचा घेतला असता तर ती चोरी. आपल्याच कपाटातला आपलाच दागिना काढून घातला, बिघडलं कुठे?

मावशी : डब्यावर काय छापलंय? वाचा. माझा चष्मा आत आहे.

निर्माता : ते जरा... जाहिरातीच्या भाषेत आहे.

मावशी : वाचा.

निर्माता : 'एका दमात, थेट टेपवर.'

मावशी : थेट! कॉम्प्युटरवर बसून शिवणकाम करायचं, मग ती गोधडी टेपवर उतरवायची आणि म्हणायचं थेट. किती ठिगळं लावलीत?

निर्माता : नऊ.

भाची : अकरा.

मावशी : अकरा! वा! आणि मी ताईला विचारलं की तुझी लेक दोन वर्षं कुठे गाताना का दिसत नाही, तर म्हणे अल्बमच्या कामात आहे. हे काम? रियाज सोडलास. अंगात आळस भरलाय तुझ्या. शिकायला येणाऱ्या मुलींना काय शिकवतेस, कात्री कशी धरायची?

भाची : लागत नाही, मावशी.

मावशी : काय लागत नाही?

भाची : वरचा सूर. लागतच नाही.

मावशी : पहाटे उठून बसलं की सगळं लागतं.

भाची : पहाटे चारला उठते. दोन वर्षं रोज उठतेय. गळ्यातली गाठ काढली ना, तेव्हापासून.

मावशी : ती तर साधी होती. तिसऱ्या दिवशी घरी आलीस. मीच तर आले होते न्यायला.

भाची : गाठ साधीच होती. पण आवाजाची नस तिथूनच जाते, तिला धक्का लागला. एक स्वरतंतू हलतो, दुसरा अर्धाच हलतो. डॉक्टर म्हणाले सहा महिन्यांत येईल. मग म्हणाले वर्षभर थांबा. आता भेटले की फक्त तब्येत विचारतात.

मावशी : ताईला माहीत आहे?

भाची : नाही. कुणालाच नाही. यांना कळलं, कारण हे रेकॉर्डिंगला समोर बसले होते.

निर्माता : आणि मी शब्द दिलाय, माझ्या तोंडून बाहेर जाणार नाही. म्हणून तर हा मार्ग काढला. मॅडम, लोकांना कळलं तर यांच्याकडे शिकायला कोण येईल?

मावशी : तुम्हाला काळजी शिकणाऱ्यांची आहे की डब्यांची?

निर्माता : दोन्हीची. मी काही वाईट माणूस नाही.

मावशी : छे, छे. वाईट व्हायलाही जरा मेहनत घ्यावी लागते.

भाची : त्यांना बोलू नकोस. मी हो म्हटलं म्हणून त्यांनी केलं. मलाच हवं होतं. एकदा तरी सगळ्यांनी ऐकावं आणि म्हणावं, हिला काही झालेलं नाही.

मावशी : आणि मला? मला सांगावंसं नाही वाटलं? दोन वर्षं माझ्यासमोर येऊन, बसून, चहा पिऊन गेलीस.

भाची : तू अशी बोलतेस म्हणून.

मावशी : कशी?

भाची : अशीच. आत्ता बोललीस तशी. आठव जरा. मी गाऊन झालं की काचेतून तुझ्याकडे बघायचे. सगळे हात वर करून टाळ्या वाजवायचे आणि तू मान खाली घालून टेपच्या खोक्यावर काहीतरी खरडत असायचीस. मी बाहेर आले की म्हणायचीस, ठीक. बस. आवाज होता तेव्हा ठीक. आवाज गेल्यावर काय म्हणशील, ते ऐकायची ताकद नव्हती माझ्यात.

मावशी : तारीख लिहीत असायचे. नाव आणि तारीख.

भाची : वीस वर्षांनी कळलं.

निर्माता : मी काय म्हणतो, भावना बाजूला ठेवून आपण कामाचं...

मावशी : गा.

भाची : काय?

मावशी : आता. इथे. काय उरलंय ते मला ऐकू दे. त्या मशीनवर कोरी टेप चढवलेलीच आहे. कपाटातला माइक काढ, वरच्या फळीवर, टॉवेलमध्ये गुंडाळलाय. आणि साहेब, पंखा बंद करा. खिडकी लावा. तुमचा फोन बाहेरच्या खोलीत ठेवा. त्याच्याबरोबर तुम्हीही बाहेर बसलात तरी चालेल.

निर्माता : मी इथेच बसतो.

भाची : साथीला कुणी नाही, मावशी.

मावशी : साथ नकोच. दोन पट्ट्या खाली घे.

भाची : खाली घेतलं तरी शेवटच्या ओळीला वर जावंच लागतं. तिथे चिरकेल.

मावशी : चिरकू दे. तिथे पोचलीस की बघू. चप्पल काढ, नीट उभी राहा. भिंतीपासून जरा पुढे. हं. आणि एक ऐक, मी मध्ये थांबवणार नाही, मागे घेणार नाही, पुसणार नाही. जे येईल ते राहील.

भाची : हात कुठे ठेवू माझे?

मावशी : हाताने गायचं नाहीये. चालू केलंय मी.

(भाची गाते. सात मिनिटं. शेवटच्या ओळीला आवाज फाटतो. ती थांबत नाही, फाटलेल्या आवाजातच ओळ पुरी करते.)

निर्माता : मॅडम... माझ्या अंगावर काटा आला. खोटं नाही सांगत. पण हे विकता येणार नाही.

मावशी : काट्याचं काय करू? तोही डब्यात घालू?

निर्माता : तसं नाही. घेणारे म्हणतील, आवाज फाटलाय. माल परत करतील.

मावशी : निम्मे उघडत नाहीत म्हणालात ना?

निर्माता : आणि उरलेले?

भाची : उरलेल्यांना ऐकू दे. मी असाच काढणार अल्बम. सहाही गाणी, याच खोलीत, अशीच.

निर्माता : अहो, तो अल्बम तयार आहे! डबे तयार, नाव कोरलेलं, छपाई झालेली. तुम्ही सही केलीय. मी ठरवलं तर आहे तोच बाजारात आणू शकतो.

भाची : आणा. पहिला डबा विकला गेला की मी स्वतः सांगेन, यात अकरा ठिगळं आहेत. कुठल्या ओळीला, कुठल्या सालातली, सगळं सांगेन.

निर्माता : तुमचंच नाव खराब होईल.

भाची : आत्ता गायले ना मी? झालं काय व्हायचं ते. तुम्ही ऐकलंत, मावशीने ऐकलं. मला वाटलं होतं मी मरून जाईन. उभी आहे अजून.

निर्माता : मॅडम, तुम्ही तरी समजवा यांना.

मावशी : मी? मी तर तुम्हालाही समजावू शकले नाही, आणि तुम्ही शिकलेले दिसता.

निर्माता : मला विचार करावा लागेल.

मावशी : करा. घरी जाऊन करा. सवय नसेल तर सावकाश करा, एकदम ताण नको.

निर्माता : ही मूळ टेप मी घेऊन जातोय.

मावशी : न्या, न्या. आणलेत तेवढे डबेही न्या, मला पसारा चालत नाही. दुसरा कुणी सापडला प्रती काढून देणारा तर त्याला खिडकीच्या काचेचं आठवणीने सांगा. आणि दार ओढून घ्या, कडी जरा घट्ट आहे.

भाची : गेले.

मावशी : जिन्यात डबे आपटतायत. ऐक कसे वाजतायत, आतून पोकळ.

भाची : ते परत येतील असं वाटतं तुला?

मावशी : येईल की. छपाई वाया जाऊ देणारा माणूस नाही तो. येऊन म्हणेल, ही कल्पना मुळात माझीच.

भाची : आणि नाहीच आले तर?

मावशी : तर नाही आले. तूच म्हणालीस, सहाही गाणी. माझ्याकडे टेप आहे. उद्या पहाटे चारला ये. तेव्हा वरच्या मजल्यावरची बाई फर्निचर सरकवत नाही.

भाची : आज आईला सांगते.

मावशी : सांग. रडेल. मग माझ्यावर चिडेल, मला आधी कसं कळलं म्हणून.

भाची : तू येतेस का बरोबर?

मावशी : नको. तुम्ही दोघी बसा. मी आले की मी काहीतरी बोलेन.

भाची : बरं. निघू मग? हे मशीन बंद करून जाऊ का?

मावशी : राहू दे चालू. मला पुन्हा ऐकायचंय.