आईचे डोळे राहिलेत

— नाही, पंखा नका लावू ताई. बटणाला हातच लावू नका — वर्ख उडतो. सोन्याचा वर्ख म्हणजे नखरेल प्रकरण, कोणी शिंकलं तरी निघून जातो. उकडतंय? उकडणारच. इकडे खिडकीशी बसा. तो स्टूल डुगडुगतो, पण अजून कोणी पडलेलं नाही. तर काय म्हणत होतात — चित्र आज हवं. हो, आजचाच वायदा होता, मी कुठे नाही म्हणतोय? चित्र झालंय. म्हणजे — झाल्यासारखंच आहे. समोर तर ठेवलंय, बघा ना.

सिंहासन पाहिलंत? खडूची पूड सरसात कालवून आधी नक्षी उठवायची — बोट फिरवा, फिरवा, काही होत नाही — लागते ना हाताला? त्यावर वर्ख. आणि वर्ख टाकताना श्वास धरायचा. शिकायला येणाऱ्याला मी आधी हेच शिकवतो, कुंचला देतच नाही. श्वास धर, वर्ख ठेव, कापसानं दाब, मग सोड. कंटाळून पळतात लोक. पळू देत. माझ्या वडिलांनी लावलेलं सोनं अजून — बरं, राहू दे. तुमचं सोन्याकडे लक्षच नाही. दिसलं ना तुम्हाला? बाळाला डोळे आहेत, आईला नाहीत.

डोळे माझ्याकडे नव्हतेच कधी. डोळे आमच्या हिच्याकडे. बाजारात तिला डोळेबाई म्हणायचे आणि मला डोळेबाईंचे मिस्टर — एवढं सोनं मी लावायचो आणि नाव हिचं! घरचा नियमच तसा, वडिलांपासूनचा: सोन्याचा हात डोळ्याला लावायचा नाही. का? सोन्याला श्वास धरावा लागतो, डोळ्याला सोडावा लागतो. श्वास सोडत सोडत रेघ ओढली तरच डोळा बघतो. बाळाचे तिनं सकाळी काढले. म्हणाली, आईचे जेवणानंतर काढते, जरा पाठ टेकते. टेकली. — हो. — गेल्या महिन्यात. — नाही नाही, उठू नका, बसा. तुम्हाला कसं ठाऊक असणार? पाणी घेता?

मी बरा आहे. मुलगा फोनवर विचारतो, "बाबा, रडलात का?" — गोळी घेतलीत का विचारावं तसं. नाही रडलो. जेवतो, झोपतो, उठतो. रागही येत नाही कशाचा. वर्खाची पुडी तेव्हापासून उघडलेली नाही — आता पंख्याकडे बघू नका असं. ठाऊक आहे मला. वर्ख नाही तर पंखा बंद कशाला? काम चालू असलं की बंद, बस. ती आतून ओरडायची, "झालं का तुमचं सोनं? लावू का पंखा?" कोणी विचारलं नाही, म्हणून बंद आहे.

दोन ठिपके कोणीही देईल? वाटतं तसं. मी देऊन पाहिले, चित्राच्या दुसऱ्या लाकडी फळीवर. बाजारात बर्फावर मासा ठेवतात ना, त्याचा डोळा आला. सूनबाई हसू दाबत म्हणाली, "बाबा, याला चष्मा काढून देऊ का?"

सून म्हणजे जिनं तुम्हाला दार उघडलं ती. दुपारी सासू-सुना आतली काळी लादी पुसत बसायच्या, असं मला वाटायचं. कुंचल्यानं लादी कोण पुसतं? पण मी सोन्यातून डोकं वर काढलं तर ना! पाण्यानं डोळे काढायच्या. सासू काढणार, सून गिरवणार. सुकलं की गेलं, पुसायला नको की मला कळायला नको. आता मुलगा रविवारी तिला न्यायला येतोय. म्हणतो, बंद करा ते दुकान. मी तिला म्हटलं, जा. आणि काल आत पाऊल टाकतोय तर लादीवर डोळा. ओला. पाय उचललेला तसाच राहिला माझा. हिचाच डोळा — म्हणजे हिचा नव्हे, कड जरा जास्त ओढलेली, पोरीला घाई फार — पण बघत होता. सुकेपर्यंत उभा राहिलो. आधी पापणी गेली, मग बुबुळ.

मग तिलाच डोळे काढायला का नाही सांगितलं? सांगितलं असतं तर झालं असतं चित्र. झालं की तुम्ही नेणार. मग हिच्या हातचं अर्धं राहिलेलं घरात काही — हे मला बोलायचं नव्हतं. सोडा.

काय? चित्र तसंच द्या? तसंच —

नको. बाळ वर बघतंय तिच्याकडे. तुमच्या आईंच्या खोलीसाठी नेताय ना? तिथे हे असं लावाल? रोज?

सूनबाई! ए सूनबाई, इकडे ये. सासूचा कुंचला आण. पाणी नको, शाई आण, काजळीची. — ऐकलंस ना, मग उभी काय राहिलीस? मी भिंतीकडे तोंड करून बसतो, बघत नाही. रविवारचं तुझं तू ठरव, नंतर. आधी श्वास सोड. आणि कड कमी ओढ.

ताई, तुम्ही निघा आता. परकं कोणी बघत असलं की रेघ अडते. संध्याकाळी या. दार ओढून घ्या, आणि ते बटण — हो, तेच. पंखा लावा. लावा हो.