मल्हारीचा ठोका

— न्हाईत म्हनलं न्हवं घरी, कितीदा सांगायचं? मेंढरं घेऊन माळाला गेलेत, आन कवा येतील ते मेंढरायलाच ठावं. बसा, पुण्याहून आलाव तर पानी तरी प्या. इद्यापीठाच्या नामांतराच्या बंदात चार दिस यष्ट्या उभ्या व्हत्या, आज पालमची यष्टी सुटली आन त्यात बसून कोन आलं — तर ढोलाचा ठोका मागनारा! ठोका? एकच? आख्खा ढोल नको, गानं नको, वाजवनारा बी नको — नुसता ठोका? मी कासाबाई, मल्हारी धनगराची बायको, चाळीस वर्सं ह्या घरात नांदायलेय. आमच्या दारात लोकं लोकर मागाया आले, बकरं मागाया आले, पोरगी मागाया आले. ठोका मागाया तुमीच पयले.

काय म्हनलाव? हलगीचा एक, संबळाचा एक, ढोलाचा एक, आसे सुटे सुटे गोळा करून डब्यात भरायचे? दुकानदार मिरे-लवंगाच्या पुड्या बांधतो तसं? मग कोनीबी चिमूट चिमूट घ्यायचं आन ताल रांधायचा — आन तिकडं अमेरिकेत पोरं त्या तालावर गात बी न्हाईत, नुसतं बोलत्यात म्हनं, भरभर? अगं माय! बोलायला ताल कशाला लागतो? मी मघापासून बोलायलेय, कोन वाजवायलंय माझ्या मागं? हसू नका.

अंगदानं पत्ता दिला आसंल. माझ्या दिराचा पोरगा त्यो, तीस वर्साचा घोडा झाला, परभनीला आर्केस्ट्रात बसतो — त्याच्या तोंडाला कवाच कडी न्हाई. त्यानंच आनलं ते यंत्र, हैद्राबादहून. काळं, पेटीवानी पट्ट्या हाइत, पर भाता न्हाई, जीव न्हाई. बटन दाबायचं, त्याच्याफुडं कायबी वाजवायचं, की गिळलं त्यानं. मग पट्टीवर बोट ठिवलं की तेच ओकतं. माझी शेळी वरडली त्याच्याफुडं, तर ह्यो शहाना शेळीवर आरती वाजवून दावायलाय मला! म्हनलं, आरं, बापजाद्यायनं बिरोबाफुडं ढोल वाजिवला, आन तू बकरी वाजवायलास.

तर त्यो ठोका — तुमी अंगदाच्या आर्केस्ट्राच्या कॅशेटीत ऐकला त्यो — ह्याच अंगनात घेतला, गेल्या माघात. अंगद म्हनला, "काका, तुमचा हात एकदा ह्याच्यात येऊ द्या, मग तुमी लग्नात नुसतं खुर्चीवर बसायचं." कामून खुर्चीवर? कामून म्हंजी... वय झालं, दमत्यात. तसं हाताला काय न्हाई. जराशिक जड पडलाय उजवा. देवगाव फाट्याकडं मेंढरं बसवली व्हती, तितं सकाळी उठले तर काठी हातातून गळाली — दोन वर्सं झाली. भाकर मोडत्यात की. डाव्यानं.

नीट ऐका आता, अर्धं ऐकून जाताल आन भलतंच लिव्हताल. अंगद बसला यंत्र मांडून. मी ढोल शेकला, दोऱ्या तानल्या — ते काम माझंच, लगीन झाल्यापासून, त्यावरचं कातडं बी म्याच कमावलेलं. ह्यायनं फेटा बांधला, मांडीला ढोल लावला, आन हानला. धुप. वल्ल्या पोत्यावर काठी मारल्यावानी. पुन्ना हानला — धुप. धा झाले, बारा झाले. अंगद म्हनतो, "काका, जरा जोरात." ल्हान लेकराला म्हनावं तसं! ज्या मान्साचा ढोल जत्रेत वाजला की बाया हातातलं मुसळ घेऊनच दारात यायच्या, त्याला म्हनं — जरा जोरात! ह्यायनं दांडी खाली ठिवली, उठले, आन वाडग्यात मेंढरायच्या मधी जाऊन उभे राहिले, आमच्याकडं पाठ करून.

मग माझं डोकं फिरलं. उचलली दांडी — "जोरात पायजे न्हवं तुला? घे!" आन हानली. एकदाच. ढोल मधी आला म्हनून, न्हाईतर अंगदाच्या टाळक्यातच बसती. बाईनं ढोल वाजवू न्हाई म्हनत्यात आमच्यात; शेकावा, तानावा, उचलून ठिवावा, वाजवू न्हाई. कोपरापस्तोर हात झिनझिनला माझा. आन खरं सांगू? लय बरं वाटलं. — अंगदाचं बोट बटनावरच व्हतं. त्यानं पट्टी दाबली, तर त्योच ठोका. दाबली, पुन्ना त्योच. त्यो माझ्याकडं बगायलाय, मी त्याच्याकडं. वाडग्यातून ह्यायनं इचारलं, "काय वाजायलंय रं?" अंगद म्हनला, "यंत्र हाय, काका. तुमचाच शेवटचा ठोका. लागला बगा बराबर."

खरं वाटलं का त्यायला? वाटलं. मान्साला पायजे आसतं ते लगीच खरं वाटतं.

चैतात पिंगळीला दिनकररावाच्या पोरीचं लगीन. ऐन उनात वरात, गाडीवर कर्णे, अंगद पट्ट्या बडवायलाय, आन म्हातारं त्याच गाडीवर खुर्ची टाकून, कोरा फेटा बांधून. दर ठोक्याला खाली वाकून ह्याला त्याला सांगायलेत, "माझा हाय ह्यो. हात गेला म्हनत व्हते न्हवं? ऐका!" आन मी बायात उभी, पदर तोंडात कोंबून. माझ्या रागावर आख्खी पिंगळी नाचायलीय — नवरदेवाचा बाप नाचायलाय, दिनकरराव नाचायलेत! त्या दिसापासून म्हातारं पोटभर जेवाया लागलं बगा.

आता हे मी तुमाला कामून सांगितलं? तुमचाच दोष हाय. आसं गप बसून कुनी ऐकत आसतं व्हय? चाळीस वर्सांत ह्या घरात एवढं कुनी ऐकलं न्हाई माझं.

काय? मी वाजवू? आता, तुमच्यासाठी? राग काय शेळीवानी दावनीला बांधलेला आसतो, की पाव्हना आला आन सोडून दावला? शिकलेले दिसताव, जरा अकलीनं घ्या. तुमाला पायजे ताजा ठोका. म्हंजी ते येनार, तुमी म्हननार वाजवा, ते फेटा बांधनार, आन — धुप. तुमी पुण्याला जाताल. हितं त्यांच्या तोंडाकडं बगत मला ऱ्हायचंय. अंगदाकडचाच घ्या त्यो, न्या, भरा डब्यात. आन वर नाव मल्हारी लिव्हा. नुसतं मल्हारी. दुसरं कुनाचं लिव्हलं तर त्याच डब्यात घालून पुरीन तुमाला.

ते बगा — धूळ उठली माळाकडं. आली मेंढरं. उठा. उठा म्हनलं न्हवं! ती तुमची पिशवी घ्या, त्यातलं आवाज भरायचं यंत्र झाका, आन तोंडातून ढोलाचं नाव काढू नका —

अवो, कोन न्हाई, कोन न्हाई! पालमची वाट चुकलेत, पानी मागायलेत. — ढोल? न्हाई वो. ढोलाचं कोन कशाला इचारंल आता?

जावा की तुमी. उभे काय राहिलाव?